सेन्सर आणि ग्लुकोमीटर यांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा कोणावर विश्वास ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६८, अठरा वर्षांपासून टाइप २ मधुमेह, गेली काही वर्षे दिवसातून चार वेळा इन्सुलिन. डॉक्टरांच्या सल्ल्याने डाव्या दंडावर साखरेचा सेन्सर बसवला आणि पहिल्याच आठवड्यात घरचे हैराण झाले. जेवणानंतर तासाभराने सेन्सरने १८४ दाखवले तेव्हा बोटाच्या रक्ताची तपासणी २२६ सांगत होती. रात्री दोनच्या सुमारास साखर कमी झाल्याचा अलार्म वाजतो, पण वडिलांना काहीच त्रास नसतो. मधूनच फोनवर 'सिग्नल नाही' असे येते. चोवीस तास रेडिओलहरी सोडणारी वस्तू अंगाला चिकटवून ठेवणे सुरक्षित आहे का, अशीही शंका आहे. सेन्सर बिघडला आहे असे समजून तो काढून टाकावा का, असे विचारले आहे.

काढू नये. सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही सेन्सर बिघडल्याचे लक्षण मला वाटत नाही. अडचण बहुतेक वेळा अशी होते की आपण सेन्सरकडे दंडावर चिकटवलेला ग्लुकोमीटर म्हणून पाहतो. तो ग्लुकोमीटर नाही. तो वेगळ्या जागेतली साखर, वेगळ्या पद्धतीने आणि थोड्या उशिराने मोजतो.

सेन्सरच्या गोल चकतीखाली केसासारखी बारीक, सुमारे पाच मिलिमीटर लांबीची लवचिक तार असते. बसवताना सुई तिला कातडीखाली सोडते आणि लगेच बाहेर येते, आत फक्त तार राहते. तिचे टोक रक्तवाहिनीत नसते, पेशींच्या मधल्या जागेत जो पातळ द्रव असतो त्यात बुडालेले असते. रक्तातली साखर केशवाहिन्यांच्या भिंतींतून झिरपून या द्रवात यायला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. साखर स्थिर असते तेव्हा दोन्ही ठिकाणची पातळी जवळपास सारखी असल्यामुळे हा उशीर जाणवतच नाही. जेवणानंतर साखर झपाट्याने चढत असताना किंवा व्यायामानंतर उतरत असताना मात्र सेन्सर सतत काही मिनिटांपूर्वीची गोष्ट सांगत असतो.

तारेच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, थर असतो. साखरेची ऑक्सिजनशी अभिक्रिया घडवून तो हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो, आणि त्या पेरॉक्साइडचे इलेक्ट्रोडवर विघटन होताना निर्माण होणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह, म्हणजे अँपिअरच्या अब्जांश भागांत मोजावा लागणारा प्रवाह, साखरेच्या प्रमाणात कमीजास्त होतो. विकर वापरून साखर मोजण्याची ही कल्पना लेलँड क्लार्क आणि चँप लायन्स यांनी १९६२ साली मांडली. कातडीखाली ती राबवताना एक गंमतशीर अडचण येते: तिथे साखर भरपूर आणि ऑक्सिजन तुटपुंजा असतो, त्यामुळे मोजायला जावे साखर आणि मोजला जावा ऑक्सिजन असे होऊ शकते. म्हणून तारेवर असे आवरण चढवतात की साखर मोजक्या प्रमाणातच आत शिरेल. काही कंपन्यांनी ऑक्सिजनचे काम ऑस्मियम या धातूच्या संयुगाकडे सोपवून ही अडचणच टाळली आहे. हा तपशील रुग्णाला कशाला, असे वाटेल, पण औषधांचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे आणि तो पुढे येतो.

आता १८४ आणि २२६ यांचा हिशेब करू. जेवणानंतरच्या तासात साखर मिनिटाला (दर डेसिलिटरमागे) अडीच मिलिग्रॅमच्या वेगाने चढणे ही नेहमीची गोष्ट आहे. सेन्सर दहा मिनिटे मागे असेल तर २५ चा फरक एवढ्यानेच पडतो, म्हणजे रक्तात २२६ असताना द्रवात सुमारे २०१ असेल. उरला १७ चा फरक, जो नऊ टक्क्यांच्याही आत आहे. आजच्या चांगल्या सेन्सरची सरासरी चूक आठ ते दहा टक्क्यांच्या घरात असते. शिवाय या हिशेबात आपण ग्लुकोमीटर अचूक धरला, तसा तोही नसतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० किंवा त्याहून अधिक असताना ९५ टक्के तपासण्या खऱ्या आकड्याच्या १५ टक्के मागेपुढे आल्या की मीटर उत्तीर्ण. म्हणजे खरी साखर २०० असताना २२६ दाखवणारे मीटर नियमात बसते. त्यातच जेवणानंतर हात नीट न धुता बोट टोचले असेल तर बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळून आकडा आणखी वर जातो. माझ्याकडे येणाऱ्या 'सेन्सर चुकीचा आहे' या तक्रारींपैकी काहींत चूक मीटरचीही नव्हती, न धुतलेल्या बोटाची होती.

तेव्हा दोन्ही यंत्रे जुळवून पाहायचीच असतील तर साखर स्थिर असताना पाहावीत, म्हणजे सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणाच्या आधी, फोनवर सेन्सरच्या आकड्याशेजारी दिसणारा बाण आडवा असताना. बसवल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतली तुलना तर सोडूनच द्यावी. त्या काळात तारेभोवतीची ऊती सुईच्या जखमेतून सावरत असते आणि आकडे इकडेतिकडे होतात. माझे काही रुग्ण जुना सेन्सर संपण्याच्या आदल्या संध्याकाळी नवा बसवतात, पण तो सुरू दुसऱ्या दिवशी करतात. काही सेन्सरच्या बाबतीत याचा उपयोग होतो, काही मात्र बसवताच आपोआप सुरू होतात.

बाणाकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते सेन्सरची अर्धी किंमत बाणातच आहे. आडवा बाण म्हणजे साखर मिनिटाला एका मिलिग्रॅमपेक्षा कमी वेगाने बदलते आहे. सरळ वर किंवा खाली दाखवणारा बाण म्हणजे वेग साधारण दोनच्या वर आहे. नेमक्या सीमा कंपनीगणिक बदलतात, त्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्याव्यात. साखर १२० आणि बाण आडवा असेल तर निवांत झोपावे. साखर १२० आणि बाण सरळ खाली असेल तर अर्ध्या तासात ती साठच्या खाली गेलेली असू शकते. ग्लुकोमीटर या दोन्ही वेळी १२० च सांगेल आणि दोन्ही वेळी ते खरेच असेल.

रात्रीच्या अलार्मबद्दल बोलण्याआधी वडील कोणत्या कुशीवर झोपतात हे पाहावे. काही वर्षांपूर्वी अशाच वयाचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. रोज मध्यरात्रीनंतर अलार्म वाजे, पत्नी घाबरून त्यांना साखरेचे पाणी पाजे आणि सकाळी उपाशीपोटीची साखर २८० च्या आसपास निघे. कोणीतरी त्यांचे रात्रीचे इन्सुलिन आधीच कमी केले होते, त्यामुळे सकाळचे आकडे आणखी बिघडले होते. मी फोनवरचा आलेख मोठा करून पाहिला. रेघ १३० वर सपाट चालली होती, सव्वादोनला कडा तुटल्यासारखी सरळ ५२ वर आली होती आणि पंचवीसेक मिनिटांनी तितक्याच सरळ रेषेत पुन्हा १३० जवळ पोहोचली होती. शरीरातली साखर अशी पडत नाही आणि अशी चढतही नाही. खरी घसरण उतारासारखी असते आणि साखर दिल्यानंतरची चढणही काही वेळ घेते. मी त्यांना तपासणीच्या टेबलावर नेहमी झोपता तसे झोपा असे सांगितले. ते डाव्या कुशीवर वळले आणि सेन्सर असलेला दंड बरोबर अंगाखाली गेला. दाब पडला की त्या जागेतला द्रव आणि रक्तपुरवठा कमी होतो, तारेपर्यंत साखर पोहोचत नाही आणि सेन्सर प्रामाणिकपणे कमी आकडा दाखवतो. कूस बदलली की सगळे पूर्ववत होते. पुढचा सेन्सर उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला बसवला आणि त्यांच्या बाबतीत अलार्म थांबले.

तुमच्या घरी हेच घडत असेल असे मला वाटते, पण फोनवरून निदान करून निर्धास्त व्हा असे मी सांगणार नाही. अठरा वर्षांच्या मधुमेहानंतर साखर कमी झाल्याची जाणीवच बोथट झालेली असू शकते. घाम, थरथर, धडधड ही लक्षणे येत नाहीत आणि माणूस थेट गोंधळतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असेल तर धडधड आणि थरथर आणखीच झाकली जाते. 'वडिलांना काही होत नाही' हा म्हणूनच पुरावा धरता येत नाही. अलार्म वाजला की त्यांना उठवून बसवावे, बोट धुऊन मीटरवर तपासावे. मीटर ७० च्या खाली दाखवत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटरवरच पाहावे. सेन्सरकडे पाहत बसू नये, कारण उशिरामुळे तो साखर सावरल्यानंतरही काही वेळ कमीच दाखवतो, घरचे धास्तावून पुन्हा पुन्हा साखर देतात आणि पहाटे ३०० ची साखर घेऊन बसतात. मीटर हाताशी नसेल तर मात्र सेन्सरचे खरे मानून साखर द्यावी. चुकून दिलेल्या १५ ग्रॅमने फारसे बिघडत नाही, न दिल्याने बिघडू शकते. रुग्ण गिळण्याच्या शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ग्लुकॅगॉन हे साखर वाढवणारे तातडीचे औषध असेल तर द्यावे आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी.

तीन-चार रात्री असे तपासून त्या त्या वेळचे दोन्ही आकडे लिहून ठेवले की चित्र स्पष्ट होते. मीटरवर साखर दर वेळी शंभराच्या वर निघत असेल तर दाबाचा प्रकार आहे. एकदाही ७० च्या खाली निघाली तर रात्रीच्या इन्सुलिनचा विचार डॉक्टरांनी करायला हवा, आणि तो त्यांनीच करावा.

औषधांचा मुद्दा राहिला होता. पेरॉक्साइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर पॅरासिटामॉलचेही विघटन होते आणि सेन्सर त्यालाही साखर समजतो. जुन्या मॉडेलांमध्ये एका गोळीने आकडा बराच वर जात असे. नव्यांपैकी काहींनी ठरावीक मात्रेपर्यंत हा दोष काढला आहे, सगळ्यांनी नाही. दुसऱ्या, म्हणजे ऑस्मियमवाल्या, प्रकारच्या काही सेन्सरवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने असाच खोटा उंच आकडा येतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्यांनी तर सेन्सर निवडण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगावे. खोटा उंच आकडा खोट्या कमी आकड्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण त्यावर विसंबून माणूस इन्सुलिन टोचून घेतो. वडील सांधेदुखीसाठी किंवा तापासाठी काही घेत असतील तर त्या सेन्सरच्या माहितीपत्रकातला औषधांचा परिच्छेद एकदा वाचावा. तो बारीक अक्षरात असतो आणि कोणीही वाचत नाही.

आता 'सिग्नल नाही' या संदेशाकडे येऊ. १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले या प्रकारचे पहिले यंत्र तीन दिवस माहिती साठवत असे, पण रुग्णाला आकडे दिसतच नसत. दवाखान्यात यंत्र संगणकाला जोडले की मग डॉक्टर मागे वळून पाहत. बिनतारी प्रसारणामुळे हे सगळे बदलले. आजचे सेन्सर दर एक ते पाच मिनिटांनी आकडा पाठवतात. पाच मिनिटांचा हिशेब धरला तरी दिवसाला २८८ आकडे होतात. काही सेन्सर फोन जवळ नेला की १३.५६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एनएफसीने माहिती देतात. बहुतेक सेन्सर २.४ गिगाहर्ट्झच्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर आपणहून बोलतात. या वारंवारतेच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचे शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यामुळे फोन सहा मीटरच्या आत असला तरी मध्ये स्वतःचे धड आले, कुशीखाली दंड आला किंवा भिंत आली की संपर्क तुटतो. म्हणजे तुमच्याकडे एकच गोष्ट, दंडावर झोपणे, खोटा अलार्म आणि सिग्नल जाणे हे दोन्ही प्रकार घडवत असेल, हे अगदी शक्य आहे. संपर्क परत आला की मधल्या काळातले आकडे बहुतेक सेन्सर स्वतःच्या स्मृतीतून भरून काढतात, त्यामुळे आलेखात खिंडार राहत नाही. मात्र त्या मधल्या काळात साखर उतरली तर फोन गप्प राहतो. आकडा येत नाही हीसुद्धा एक सूचनाच आहे, म्हणून 'सिग्नल नाही'चा अलार्म त्रासदायक वाटला तरी बंद करू नये.

सेन्सरपेक्षा फोन जास्त वेळा दगा देतो, हे माझे अनुभवाचे मत आहे. बॅटरी वाचवण्याची सोय ॲपला पार्श्वभूमीवर झोपवते, 'व्यत्यय नको' ही सोय अलार्म गिळते, प्रणाली अद्ययावत झाली की परवानग्या मूळपदावर जातात. दर अद्यतनानंतर ॲपच्या परवानग्या, आवाज आणि ब्लूटूथ तपासण्याची सवय लावावी. मुलगा दुसऱ्या गावाहून वडिलांची साखर पाहत असेल तर साखळी आणखी लांबते: सेन्सर, वडिलांचा फोन, इंटरनेट, कंपनीचा सर्व्हर, मुलाचा फोन. यातली एक कडी निसटली तरी मुलाच्या फोनवर सगळे शांत दिसते. त्या शांततेवर विसंबू नये, शेवटचा आकडा किती वाजताचा आहे ते पाहावे. दुरून पाहण्याची ही सोय, जाता जाता सांगतो, कंपन्यांच्या आधी पालकांनी घडवली. २०१३ साली जॉन कॉस्टिक या अमेरिकी संगणक अभियंत्याने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर चढवण्याची युक्ती शोधली, इतर पालक तिला येऊन मिळाले आणि त्यातून नाइटस्काउट हा प्रकल्प उभा राहिला.

रेडिओलहरींची भीती मी दोन वाक्यांत संपवतो. सेन्सरच्या प्रक्षेपकाची शक्ती वॅटच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते आणि तो काही मिनिटांतून एकदा क्षणभर बोलतो, तर कानाला लावलेला मोबाईल त्याच्या शेकडोपट शक्तीने सलग बोलू शकतो. कातडीला खरा त्रास होतो तो चिकट थराचा: खाज आणि लाल चट्टा दर वेळी उठत असेल तर त्यातल्या ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी असू शकते, आणि मग जागा बदलून भागत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. एमआरआय करायचा असेल तर सेन्सरच्या सूचना आधी पाहाव्यात, अनेक मॉडेल काढूनच ठेवावी लागतात. कातडी न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या यांच्या जाहिरातींना भुलू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असे एकही यंत्र आपण मान्य केलेले नाही असा स्पष्ट इशारा दिला होता. मान्यताप्राप्त व्यवस्थेत घड्याळावर दिसणारा आकडा दंडावरच्या सेन्सरकडूनच आलेला असतो.

आणखी एक धोका तुमच्या प्रश्नात नाही, तरी पुढच्या महिन्यात तो येईल. आकडा सतत दिसू लागला की हात सतत इन्सुलिनकडे जातो. जेवणानंतर दीड तासाने २४० दिसले म्हणून जादा मात्रा घेतली जाते, पण जेवणाआधी घेतलेल्या जलद इन्सुलिनचे काम तीन ते पाच तास चालते आणि ते अजून संपलेले नसते. दोन्ही मात्रा एकावर एक चढतात आणि संध्याकाळी साखर खोल जाते. जेवणानंतरचा चढ पाहून दुसऱ्या दिवशीची मात्रा सुधारावी, त्याच घटकेला सुई उचलू नये. वरच्या पातळीचा अलार्म मी सुरुवातीचे दोन आठवडे २५० वर ठेवायला सांगतो, तेवढ्याने बरेच हकनाक टोचणे टळते. खालचा अलार्म ७० वरच राहू द्यावा.

सुट्या आकड्यांचा जमाखर्च मांडत बसण्यापेक्षा चौदा दिवसांचा अहवाल डॉक्टरांकडे न्यावा. त्यातल्या किमान ७० टक्के वेळेची माहिती भरलेली असली की तो वाचण्याजोगा होतो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढांची साखर ७० ते १८० च्या पट्ट्यात ७० टक्क्यांहून अधिक वेळ असावी आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ. वयस्कर आणि धोका जास्त असलेल्या रुग्णांसाठी हीच सहमती सौम्य होते: पट्ट्यात निम्म्याहून अधिक वेळ पुरे, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटांहूनही कमी. वडिलांना कोणता मापदंड लावायचा हे त्यांच्या हृदयाची, मूत्रपिंडांची आणि एकूण प्रकृतीची स्थिती पाहून ठरेल. अहवालात सरासरीवरून काढलेला एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या रक्तचाचणीचा, एक अंदाजही असतो, उदाहरणार्थ सरासरी १५४ असेल तर तो ७ टक्के येतो. तो प्रयोगशाळेतल्या तीन महिन्यांच्या चाचणीशी जुळला नाही तर लगेच सेन्सरला दोष देऊ नये. रक्तक्षय किंवा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल तर फसलेली चाचणी प्रयोगशाळेतलीही असू शकते.

तूर्त एवढे करा. आज रात्री वडिलांना उजव्या कुशीवर किंवा उताणे झोपवा आणि डावीकडे वळू नयेत म्हणून त्या बाजूला लोड लावा. फोन उशाशी, चार्जिंगला लावून ठेवा. मीटर, पट्ट्या, ओला रुमाल आणि ग्लुकोज एका डब्यात घालून पलंगाजवळ ठेवा. अलार्म वाजलाच तर वेळ, दोन्ही आकडे, बाणाची दिशा आणि ते कोणत्या कुशीवर होते एवढे कागदावर टिपा, आणि तो कागद इन्सुलिनच्या मात्रांच्या नोंदींसह चौदा दिवसांच्या अहवालाला जोडून डॉक्टरांना दाखवा.